बारीक दांडीचा माउथपीस

आमच्या यॉर्कशरच्या या खोऱ्यात पितळी बँडवाले शेकड्यांनी सापडतील, पण माउथपीसमधलं, म्हणजे वाद्याला लावून फुंकायच्या तोटीतलं, कळणारा माणूस एकच. तो म्हणजे मी! बाकीच्यांची अक्कल चिमटीत मावेल आणि वर तपकिरीला जागा उरेल.

म्हणून एडना क्रॅबट्रीने मोजपट्टी काढली तेव्हा मला हसूच आवरेना. आमच्या बँडमध्ये युफोनियमवर पहिल्या खुर्चीत मी, बावीस वर्षं, आणि दुसऱ्या खुर्चीत ही. बँडने मला नवंकोरं युफोनियम घेतलं होतं, तान्ह्या पोरासारखं कवेत धरून वाजवायचं ते पितळी धूड. त्यात मी वडिलांचा चांदीचा माउथपीस ऐटीत खोचला.

"क्लेम, खुळखुळतोय तो," एडना म्हणाली. "जुन्या वाद्यांची भोकं लहान असायची. तुझ्या माउथपीसची दांडी बारीक आहे. याला जाड दांडीचा लागतो. माझ्याकडे एक जास्तीचा आहे, देऊ?"

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून वाजतोय हा, बाई!"

"वाजत असेल. खुळखुळत नव्हता."

हिला उत्तर द्यायचं म्हणजे तोंड वाया घालवणं! मी चहाच्या पुड्याचा कागद फाडला, दांडीला तीन वेढे दिले आणि माउथपीस दिला ठोकून. घट्ट! मोजपट्ट्या कसल्या लावताय?

तो व्हिटच्या सणानंतरचा शुक्रवार होता. त्या दिवशी सगळे बँड गावोगाव वाजवत फिरतात आणि प्रत्येक गावात परीक्षक पडदे ओढलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये बसून नुसतं ऐकतो. कोण वाजवतंय ते त्याला दिसत नाही. आमचे बँडमास्तर ऑर्मरॉड यांनी निघतानाच मला बजावलं होतं, "क्लेम, आज परीक्षकाच्या कागदावर युफोनियमची निंदा आली, तर पहिली खुर्ची एडनाची!"

निंदा? माझी? मी पहिल्या सुरापासून असं फुंकलं की पोस्टासमोरची कुत्री पळाली. थुंकीने कागदाचा लगदा झालाय, हे मला कळलं कोपऱ्यावर. वळताना मी जरा तोऱ्यात वाद्य झुलवलं आणि माउथपीस सटकन निसटून गर्दीत गडप!

थांबावं, तर मागचा ढोलवाला माझ्यावरून चालत गेला असता. तो माणूस पुढे बघतच नाही. मग मी गाल फुगवले, बोटं नाचवली आणि उघड्या नळीला ओठ लावून चालत राहिलो. एडनाने एकदा तिरकं पाहिलं आणि ती स्वतःचं सोडून माझेच सूर वाजवायला लागली. आगाऊ कुठली!

रांगा मोडल्यावर बीअरच्या तंबूत मास्तरांनी परीक्षकाचा कागद मोठ्याने वाचला. "'युफोनियम सुरुवातीला गंजक्या बिजागरीसारखं. मग मात्र कुणी देवदूत वाजवू लागला! आजचं सर्वांत सुरेल वादन.' क्लेम, हा तू?"

बावीस वर्षांची खुर्ची हो! एडना नुसती ग्लासातला फेस बघत बसली. मी मान तिरकी करून विनयाने म्हणालो, "काय आहे मास्तर, आधी जरा ओठ तापवावे लागतात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून वाकलो. तेवढ्यात एक जाडजूड बाई व्हिनेगरने निथळणारा चिप्सचा पुडा घेऊन तंबूत शिरली.

"हे कुणाचं?" तिने चिप्समधून माझा माउथपीस उचलला. "पोस्टाच्या कोपऱ्यावर पडला माझ्या जेवणात! तुमची मिरवणूक धड सुरूही झाली नव्हती. नंतर त्या माणसाने वाजवलं तरी कशाने?"

मास्तरांनी माझ्या युफोनियमकडे पाहिलं. मग एडनाकडे.

हल्ली मी दुसऱ्या खुर्चीत बसतो. तिथून एडना अगदी जवळून ऐकू येते. तो परीक्षक मला वाटला तितका बहिरा नव्हता.