खालचा मजला कंपनीचा

राजेंद्र नगरातले आमचे शेजारी पागेकाका स्वतःच्याच घराच्या खालच्या मजल्यावर जाताना बेल वाजवतात. आत कोणी नसतं. तरी क्षणभर थांबतात आणि मग खिशातल्या किल्लीनं दार उघडतात.

वरचा मजला काकांचा आणि खालचा त्यांच्या कंपनीचा. कंपनी म्हणजे नमकीनची पाकिटं छापणारी छोटीशी प्रायव्हेट लिमिटेड. डायरेक्टर दोनच, काका आणि शोभाकाकू. मी विजय नगरात टॅक्सचं काम करणाऱ्या एका ऑफिसात आहे. कंपनीची वस्तू मालकानं घरगुती कामाला वापरली, तर तो फायदा त्याच्या उत्पन्नात धरतात आणि त्यावर टॅक्स लागतो, एवढं मी काकांना एकदा समजावलं होतं. त्यांनी ते फारच मनावर घेतलं.

“मी अलग, कंपनी अलग,” असं ते सगळ्यांना सांगायला लागले. कंपनीची कार दारात उभी असायची आणि काका माझ्या स्कूटरपाशी येऊन म्हणायचे, “भिया, राजवाड्यापर्यंत सोडतो का? पर्सनल काम आहे.”

बेटम्याला एका लग्नाला दोघं बसनं गेले. परतताना बस बंद पडली. तेवढ्यात माल पोचवून येणारी कंपनीची कार शेजारी थांबली. काकांनी ड्रायव्हरला हातानंच पुढे जायला सांगितलं. काकू मात्र उतरल्या आणि कारमध्ये जाऊन बसल्या. “मी डायरेक्टर म्हणून चाललेय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पाहुणे म्हणून या मागून.”

खालच्या मजल्यावर काका त्यांना “मॅडम” म्हणत, वर “शोभा”. एकदा भांडण नेमकं जिन्यात झालं, तेव्हा काय म्हणून हाक मारावी ते सुचेना, म्हणून काका गप्प बसले. हे काकूंनीच मला हसत हसत सांगितलं होतं.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. कंपनीला दुसरा डायरेक्टर लागतो. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीनं नको म्हटलं. छपाईही जवळजवळ थांबली होती. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी सल्ला दिला, कंपनी बंद करा, खालचा मजला स्वतःच्या नावावर घ्या, एकदाच काय तो टॅक्स भरा आणि मोकळे व्हा.

ते सांगायला मी गेलो. काका खालीच होते, दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. त्यांनी सगळं नीट ऐकलं, दोन-चार शंका विचारल्या.

“नको रे,” शेवटी म्हणाले. “तूच हो ना डायरेक्टर.”

“पण काका, दर वर्षीची झंझट कशाला ठेवताय?”



“सकाळी तयार होऊन खाली यावं लागतं. संध्याकाळी वर घरी जाता येतं. खालचं पण माझं झालं तर अख्खं घर माझंच होईल. एवढ्या घराचं मी एकटा काय करू?”

 डायरेक्टरांची मीटिंग कधी असते, एवढंच मी विचारलं.

“तुला जमेल तेव्हा,” काका म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.