कर्जत म्हणजे कर्जत

बदलीच्या अर्जात जितेशने ‘तालुका’ या रकान्यात ठसठशीत अक्षरात ‘कर्जत’ लिहिलं आणि शेजारचा ‘जिल्हा’ हा रकाना कोरा सोडला. कर्जत म्हटल्यावर जिल्हा काय विचारायचा? कर्जतजवळच्या पोशीर गावच्या माणसाला जगात दुसरं एखादं कर्जत असेल अशी शंकाही येत नाही. पाण्याच्या खात्यात कारकुनी करत सहा वर्षं हिंगोलीत काढलेल्या जितेशला आता फक्त घरी यायचं होतं. घरी बायको सुरभी आणि वडील कोंडाजी दोघंच भातशेती सांभाळत होते.

मे महिन्यात हुकूम आला. पोशीरमध्ये पेढे वाटून झाल्यावर सुरभीने तो सावकाश वाचला.

“अहो, हितं खाली जिल्हा अहिल्यानगर लिवलाय.”

“छापताना चुकलं असंल.”

“कर्जत नगरला कसं जाईल रं?” कोंडाजी पेढा चघळत म्हणाले. “आपुन तर हितंच हाय.”

चूक छपाईची नव्हती. खात्यातल्या साहेबांनी अर्ज काढून कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. “विनंती बदली आहे, रद्द होत नाही. एकच वाट आहे. तिकडचा कुणी इकडं आला असेल तर दोघांनी सह्या करून आपसी बदली मागा.”

नशीब असं, की तो होता. साईराज नावाचा नगरकडच्या कर्जतचा माणूस रायगडातल्या कर्जतला येऊन पडला होता, कारण त्यानेही जिल्ह्याचा रकाना कोरा सोडला होता. जितेशला आभाळ ठेंगणं झालं. माणूस निसटू नये म्हणून त्याने साईराजला आणि त्याच्या बायकोला, सुप्रियाला, पोशीरच्या घरातली पुढची खोलीच राहायला दिली. आठ दिवसांत सही घेऊ, असं मनाशी ठरवून तो घाट चढून नगरकडच्या कर्जतला कामावर हजर झाला.

आठ दिवसांनी त्याने फोन केला.

“सहीचं काय झालं, साईराजभाऊ?”

“जितेशभाऊ, हितं शेताच्या कडंनं पाणी नुसतं वाहून चाललंय, अन् कुणी बघत बी नाही. मी बघत बसतो. आमचं आयुष्य टँकरमागं गेलं ओ. सहीचं बघू की पुढच्या महिन्यात.”

पुढच्या महिन्यातही तो पाणीच बघत होता. तेव्हा जितेशच्या ध्यानात आलं, की या माणसाला गावाची ओढ लावल्याशिवाय सही मिळायची नाही. मग रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन तो साईराजला फोनवर बोलणं रेकॉर्ड करून पाठवू लागला. सुरुवातीला त्याने बिनदिक्कत थापा मारल्या. तुमच्या गावची भाकरी जास्त फुगते, तुमच्याकडचा चंद्र मोठा दिसतो, असलं काहीही.

पण थापा संपल्या, आणि खरं काय आहे ते बघणं भाग पडलं. पोशीरला आषाढात कपडे चार दिवस वाळत नाहीत. इथे दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळलेले असत. पोशीरला चहूकडून डोंगर अंगाशी येतात. इथे आभाळ जमिनीला टेकेपर्यंत मधे काही नव्हतं. हिंगोलीत सहा वर्षं तो खोलीचं दार लावूनच बसला होता, त्यामुळे तिथलं आभाळ कसं होतं हे त्याला आठवेनाच. दिवाळीच्या सुमारास एकदा तो रेहेकुरीच्या माळावर गेला. गवत पिवळं पडलेलं, ऊन उतरलेलं, आणि त्या गवतात काळविटं उभी, कुठे जायचंच नसल्यासारखी. जितेशने फोन सुरू केला आणि बोलायचं विसरला. साईराजला त्या दिवशी चार मिनिटं नुसता वारा गेला.

चार दिवसांनी साईराजचा फोन आला. “भाऊ, तुमच्या बोलण्यानं काम केलं. ठरलं आता. सोमवारी टेंपो निघतोय सामान घेऊन.”

जितेशने सोमवारी सकाळीच खोली सोडली, किल्ली मालकाला दिली आणि त्याच टेंपोने पोशीरला परतायचं म्हणून बॅग घेऊन नाक्यावर उभा राहिला. दुपारी टेंपो आला. पुढून सुरभी उतरली आणि तिच्यामागून गुडघे चोळत कोंडाजी. मागे तांदळाची पोती होती.

“तू? साईराज कुटंय?”

“भावजी नाय हलनार. कालव्याला पानी सुटायची वाट बघत बसल्यात. मीच म्हनलं, तुमी ऱ्हावा, शेत बघा, आमी जातो. भात झोडून झालाच हाय.”

“पन मी त्याला बोलवत होतो गं.”

“तुमचं बोलनं मामांना ऐकू यावं म्हनून भावजी ओटीवर मोठ्या आवाजात लावायचे. ते वारं लावलं तवा सुप्रिया हसत सुटली.” सुरभीने पदराने तोंड पुसलं. “मी नाय हसले. सहा वर्षं हिंगोलीतनं फोन केलात, जेवलीस का याच्यापुढं गाडी गेली नाय. आनि परक्या मानसाला रोज येवडं सांगत व्हता. मला वाटलं, हे मानूस जितं राहतंय तितं एकदा ऱ्हाऊन बघावं.”

 जितेशला एकदम भरून आलं आणि त्याच वेळी खोलीची आठवण झाली.

“सुरभी, खोली मी आज सकाळीच सोडली. किल्लीपन देऊन टाकली.”

टेंपोवाल्याने पोती रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवली आणि तो निघून गेला. कोंडाजी त्यातल्या एका पोत्यावर बसले. समोर माळ पसरला होता, कोरडा वारा येत होता. त्यांनी पाय लांब केले.

“बरं झालं,” ते म्हणाले. “मंग आता कुटं जायची घाई नाय.”