चऱ्होलीच्या थंड पाण्याची मोहीम फत्ते जाहली त्याचे वर्तमान

श्री. हे वर्तमान लिहिण्याची आज्ञा आम्हांस कोणी केली नाही. ज्यांनी लिहावे ते साहेबलोक सहीशिक्क्याचे कागद रंगविण्यात गुंतले, आणि तीनशे माणसे तहानेने व्याकूळ जाहली ही गोष्ट कोठेच नमूद होईना, म्हणून आम्हीच लेखणी उचलिली. यात पदरचे अक्षर नाही. ज्यास खोटे वाटेल त्याने चैत्राच्या उन्हात चऱ्होलीस येऊन एक दिवस सळया वाहाव्या आणि मग तोंड उघडावे.

तर, चोवीस मुलुखांचे हँडबॉलवीर चऱ्होलीच्या माळावर झुंजणार ऐसे ठरले, आणि त्याकरिता अवाढव्य स्टेडियमचे काम सुरू जाहले. मग साता समुद्रांपलीकडील क्रीडापातशाहीने अट घातली की, स्टेडियम बांधणारांस माणसांसारखे वागविले पाहिजे. हे ऐकून ठेकेदाराकडील साइटचे सुभेदार श्रीमंत दिग्विजय साहेब थक्क जाहले, कारण ऐसे कलम टेंडरात नव्हते. तथापि हुकूम तो हुकूम. त्यांनी मिहिर साहेब नामे इंजिनिअर मानवी हक्कांच्या कारभारावर नेमिले, आणि मिहिर साहेबांनी कामगारांच्या हक्कांचा भला थोरला फलक इंग्रजीत छापून भिंतीवर ठोकिला.

पाण्याचे म्हणाल तर एक निळे पिंप होते. त्यात पूर्वी कोण्या कारखान्याचा रंग असे. त्याचा वास काही केल्या जाईना आणि पाणी दुपारी चहासारखे तापे. त्यातच सळया बांधणारे गोरक्ष भर दुपारी भोवळ येऊन कोसळले. पिंपरीच्या मोठ्या इस्पितळात दोन बाटल्या सलाइन चढविले तेव्हा डोळे उघडिले. डॉक्टरांनी बजाविले की, पोटभर थंड पाणी पाहिजे, नाहीतर पुढल्या खेपेस माणूस हाती लागणार नाही. तिसऱ्या दिवशी गोरक्ष पुन्हा कामावर, कारण घरी बसून कोण पोसतो? तेव्हा त्यांच्या मावशी तानाबाई, त्याच साइटवर चाळीस बायांच्या मुकादम, यांनी पाण्याविषयी अर्ज गुदरला. दिग्विजय साहेबांनी, विचार चालू आहे, ऐसा जबाब देऊन गाडीची काच वर केली.

इतक्यात खबर आली की क्रीडापातशाहीचे टोपीकर वकील दोन आणि मडम एक, ऐसे तपासणीस येत आहेत. मग काय सांगावे! सकाळीच पिंपरी कॅम्पातून पिकअपवर लखलखीत वॉटर कूलर येऊन दाखल जाहला आणि जारच्या पाण्याने तुडुंब भरला. निळे पिंप बारदानाखाली दडविले. वकील आले, मडमेने खासा पेला पिऊन मान डोलाविली, फोटो जाहले, आणि दोनाच्या सुमारास स्वारी तळेगावाकडे जेवणास कूच करिती जाहली. मिहिर साहेब सोबत गेले.

पाच वाजता पिकअप परत आला. कूलर एका दिवसाच्या भाड्याचा होता, हे तेव्हा सर्वांस उमगले. दिग्विजय साहेबांनी फर्मान सोडिले की पाणी ओतून टाका आणि कूलर चढवा. त्यावर तानाबाई पुढे जाहल्या आणि उलट फर्मान सोडिले की, “पानी वतायचं न्हाई. आमी पिऊन संपवतो. एवढं चांगलं पानी मातीत घालता व्हय?” साहेबांस यात नकार द्यावयास जागा सापडेना. मग तीनशेजणांची रांग लागली आणि एकेक असामी घोट घोट ऐसे प्याली की देवळातले तीर्थही इतक्या सावकाश कोणी घेत नाही. साहेब कडाडले की उद्या एकेकाचा गेटपास रद्द करितो. तरी रांग हालली नाही.

इकडे तानाबाईंनी माजी नगरसेवक व पुढील निवडणुकीचे इच्छुक सोपानराव यांस फोन लाविला की, “सायेब, पानपोईचं उद्घाटन हाय, तुमच्याच हातनं करायचं. पब्लिक तीनशे हाय, लगेच या.” सोपानरावांनी उभ्या हयातीत वस्तू कोणाची हे कधी पुसले नाही, पब्लिक किती एवढेच पुसले. त्यांच्या डिकीत हात जोडलेल्या फोटोचा फ्लेक्स सदा सज्ज असे, कामाचे नाव तेवढे मार्करने भरावयाचे. अर्ध्या घटकेत तीन गाड्या, फोटोग्राफर आणि नारळ ऐसा सरंजाम गेटात शिरला. नारळ फुटला, फ्लेक्स कूलरच्या माथ्यावर चढला, ‘सोपानराव यांच्या संकल्पनेतून थंड पाण्याची पाणपोई’, आणि फोटो सबंध पिंपरी-चिंचवडच्या मोबाइलांवर पसरले. दिग्विजय साहेब धावत आले, तो कार्यकर्त्यांनी त्यांच्याच गळ्यात हार घालून फोटोत उभे केले. बिचारे हसले सुद्धा!

पिकअपवाल्याने फ्लेक्स पाहून हात जोडिले, “भावा, आता ह्याला हात लावला तर गाडी फुटंल माझी,” आणि रिकामीच गाडी काढिली. गोरक्ष पडले तेव्हा काम एक तासही थांबले नव्हते. पुढाऱ्याच्या फोटोपुढे मात्र अवघी कंपनी चळचळा कापली. आमचे मस्तक याने फिरते, पण बखरकाराने राग गिळून लिहावे.

मग सोपानरावांच्या साक्षीने तह जाहला. कूलर ठेकेदाराने विकत घ्यावा, रोज पंधरा जार भरावे, कोणाचा गेटपास अडवू नये, निळे पिंप भंगारात द्यावे. तानाबाईंनी पहिला पेला गोरक्षांस दिला आणि म्हणाल्या, “पी रे बाबा, सावकाश. आता कुणी न्हाई नेत.” गोरक्ष तीन पेले प्याले.

विजयाची नोंद ऐसी की, मिहिर साहेबांनी दुपारीच विलायतेस अहवाल रवाना केला होता. त्यात बत्तीस कलमे असून बत्तीसही पूर्ण असल्याचे लिहिले होते. सातवे कलम, कामगारांस पिण्यास थंड पाणी आहे. पाठविले तेव्हा बत्तीसच्या बत्तीस लबाडी होती. चैत्र शुद्ध नवमीस, सायंकाळी सहा वाजता, तानाबाईंनी सातवे कलम खरे केले.