खाट वळेल एवढा जिना

केसरीनाथ ठेकेदाराचा कामाचा मंत्र एकच: आधी बांधू, मग बघू. बघितल्यावर बहुधा फोडावं लागायचं. मालक कुरकुरला, तर "घरालाबी सवय व्हायला येळ लागतो," असं तो सांगायचा.

कामतघर गावातलं स्वतःचं घरही त्यानं असंच बांधलं होतं. खाली कापड विणायचे लूम, वर बिऱ्हाड आणि मधे बोळासारखा जिना. एक्क्याण्णव साली त्याचे वडील, बाळाराम, वरच्या बिऱ्हाडात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी त्यांना उठवून बसवायला सक्त मनाई केली. म्हाताऱ्याचा एकच हट्ट होता: अकलोलीच्या कुंडाचं गरम पाणी एकदा अंगावर घ्यायचं.

"पण कापडाच्या ताग्यासारखा मला दोरानं उतरवू नको," त्यांनी बजावलं.

खाट जिन्यात वळेना. केसरीनाथनं खाट मोजली, भिंत फोडली, नवी बांधली. खाट वळली, पण ती धरणारी चार माणसं मावेनात. (खाट आपल्या पायांनी उतरेल, असा त्याचा हिशोब असावा.) पुन्हा फोडली. आता माणसं मावली, पण खाट सपाट धरली की वरच्या तुळईला अडकायची. तोवर पावसाळा सरला आणि बाबांचं जेवण दोन घासांवर आलं.

"पोरा, मला उभा नेतोस का आडवा, तेवढं आदी ठरव," बाबा म्हणाले. "आंगनात चुन्यानं जिना आख. तुळईच्या जागी बांबू बांध. खाट फिरव, मंग भिंतीला हात लाव."

केसरीनाथनं पहिल्यांदाच ऐकलं. वजन हवं म्हणून खाटेवर स्वतः आडवा झाला. चौघांनी उचलताच समोरच्या जाईबाईनं हंबरडा फोडला.

"कोन गेला गो?" वरून बाबा ओरडले.

"कोनी न्हाय! माप घेतायत!" केसरीनाथची बायको कमळ म्हणाली.

"मंग त्याला सांग, माप माझं घे, सोताचं न्हाय!"

तिसऱ्यांदा बांधलेला जिना एकदाही फोडावा लागला नाही. सोमवारची जीप ठरली. रविवारी सकाळी बाबा गेले.

तिरडी वळणावरून अलगद उतरली. खांदा दिलेला त्याचा गवंडी यादव खाली येऊन हळूच म्हणाला, "केसरीनाथ, कुठं लागली न्हाय बघ. झकास काम झालंय." केसरीनाथ ओक्साबोक्शी रडला. दोन भिंती आधी बाबांचं ऐकलं असतं, तर ते अकलोलीला जाऊन आले असते.

त्यानंतर तो प्रत्येक कामावर आधी चुना आखू लागला, खाट फिरवू लागला, तिच्यावर आडवा होऊ लागला. फोडाफोड थांबली. पडघ्याचे रामनाथशेठ तेवढं म्हणाले, "काम तुमालाच देतो. फक्त माज्या दारात असं निजू नका."

घरी मात्र चार माणसं आणि खाट मावेल अशा त्या वळणावरून केसरीनाथ अजून एकटाच, भिंतीला चिकटून, खाटेला वाट सोडल्यासारखा अंग चोरून उतरतो.

"अवो, जागा हाय ना येवढी?" कमळ खालून ओरडते. "मंग उतरा की सरळ!"