देवाच्या डब्यातले तांदूळ

खर्र... रिकाम्या डब्याच्या तळाला वाटी घासली आणि तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या क्वार्टरमधली दुपारची शांतता चिरली. विमलाने दचकून बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. चर्चचे पाळकसाहेब ज्ञानमुत्तू उन्हातून सायकल मारत अचानक आले होते, आणि "आता जेवूनच जा" असं तीच बोलून बसली होती. रेशनचा तांदूळ मात्र संपला होता.

फळीवर दुसरा डबा होता. देवाचा. रोज भात टाकताना एक मूठ त्यात पडायची. रविवारी ते तांदूळ चर्चमध्ये जायचे, तिथून निराधार बायकांच्या घरी.

"आई, तो देवाचा आहे!" पाच वर्षांची सलोमी म्हणाली.

"माहितीये गं राणी. संध्याकाळी बाबा आणतील तेव्हा भरून टाकू."

पाळकसाहेब मन लावून जेवले. पुण्यात शिकताना उचललेल्या मोडक्या मराठीत म्हणाले, "भात फार चांगली, सिस्टर! अजून वाढा." तिने वाढला. पुन्हा वाढला. हात धुऊन ते म्हणाले, "उद्या रविवारी मी तिरुवल्लिकेणीच्या चर्चमध्ये. म्हणून सगळ्यांचे तांदूळ आजच नेतो. तुमचा डबा आणा. प्रवचनात तुमच्याच मुठीचं उदाहरण देणार!"

खरं सांगावं, असं विमलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. प्रवचनाचं ऐकून ते परत गेलं.

"आणते की. पण आधी प्रार्थना करा ना, साहेब. सगळ्या नातेवाइकांसाठी. नावं सांगते."

त्यांनी डोळे मिटताच तिने डबा सलोमीच्या हातात कोंबला आणि मागच्या दाराकडे बोट केलं. भिंतीपलीकडे अन्नपूर्णाबाई राहायच्या, पिढ्यान् पिढ्या तंजावरच्या मराठी. पाळकसाहेब विमलाच्या नणंदेच्या दम्यापर्यंत पोचले, तेवढ्यात परसातून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला, "तांदूळ होणा? आज पुरट्टासी महिन्यातला शनिवार गे, देवाचा वार! गोविंदा म्हण, मग घालते."

"गोविंदाऽऽ!" संडे स्कूलमध्ये कमावलेल्या खणखणीत गळ्याने सलोमी ओरडली.

"आमेन!" विमला त्याहून मोठ्याने ओरडली.

पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला. "दमा अजून चाललाय, सिस्टर."

"भरून आलं हो मला," ती म्हणाली. खोटं तरी किती बोलावं माणसाने!

डबा काठोकाठ भरून आला. तांदूळ पिशवीत ओतून पाळकसाहेबांनी ती हातात तोलून पाहिली. "गेल्या आठवड्याच्या दुप्पट!" म्हणत ते सायकलवर बसले.

विमला परसात धावली. "अन्नपूर्णाबाई, लाज राखलीत माझी. पण तुम्हालाही रेशनच ना? घरात उरलेत का काही?"

"घरचे कुठले गे? अस्की पेरुमाळाचे, दाणा न् दाणा त्या गोविंदाचा. सकाळी घरोघर गोविंदा म्हणत मागून आणलेले, नैवेद्याच्या भाताला."

"अगंबाई! मग दिलेत कशाला?"

"आज दारात गोविंदा म्हणणाऱ्याला नाही म्हणू नये की. तुझी पोर म्हणाली, मी काय करू? जाऊ दे. पेरुमाळ आज केळ्यावर भागवेल."

संध्याकाळी येणाऱ्या तांदळांत आता तीन वाटे होते: घरचा, आपल्या देवाचा आणि शेजारच्या देवाचा. विमला उंबऱ्यावर बसली. सलोमीने रिकामा डबा तिच्या मांडीवर ठेवला, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आई, आपला येशू त्यांच्या पेरुमाळाला गोविंदा म्हणाला का गं?"