पोटातला गोळा आणि पदवीची लांबी

लिफ्ट खाली सुटली की पोटात गोळा का येतो, हा प्रश्न नाहूरच्या शिवसागर सोसायटीतल्या स्वरदा गावकरला लहानपणापासून छळत होता. सोसायटीत कुणालाच उत्तर येईना. वॉचमनने तिला जिना वापरायला सांगितलं. म्हणून बारावीनंतर तिने भौतिकशास्त्र शिकायचं ठरवलं आणि वडिलांना, म्हणजे नंदू गावकरांना, घेऊन ती कॉलेजात पोहोचली.

प्रवेशप्रमुख देवव्रत सरांनी चष्मा पुसला. "कुठलं भौतिकशास्त्र?"

"म्हणजे? एकच नसतं?"

सरांना तिची कीव आली. ते बापलेकींना थेट प्रयोगशाळेत घेऊन गेले. टेबलावर एक लंबक आडवा पडला होता.

"साध्या बीएस्सीवाले हा लंबक मोजतात. ऑनर्सवाले चौथ्या वर्षी तोच नीट मोजतात. ऑनर्स विथ रिसर्चवाले आधीचं मोजमाप का चुकलं यावर प्रबंध लिहितात. एकात्मिक एमएस्सीवाल्यांच्या हातात पाच वर्षं असतात, त्यामुळे ते अजून आलेले नाहीत. आणि इंजिनिअरिंग फिजिक्सचे बी.टेक.वाले त्याला मोटर बसवतात."

"पण सर, याचा दोरा तुटलाय."

"दोरा कोणत्या पदवीने आणायचा यावर समिती बसली आहे. तोवर सगळे एकमेकांचं बघून आकडे लिहितात."

स्वरदाने धीर केला. "लिफ्टमध्ये पोटात गोळा का येतो, ते यातल्या कशात कळेल?"

"तो आंतरविद्याशाखीय प्रश्न आहे," सर गंभीर झाले. "पोट जीवशास्त्राकडे, लिफ्ट इंजिनिअरिंगकडे. आमच्याकडे फक्त 'खाली' येतं."

नंदूंच्या डोक्यात मात्र वेगळंच चालू होतं. गणपतीत सोसायटीच्या गेटवर, प्रवेश घेतलेल्या पदवीच्या नावासकट, गुणवंतांचा बॅनर लागतो. गेल्या वर्षी बी विंगच्या राणेंच्या सुलक्षणाची पदवी दोन ओळी खाऊन बसली होती, आणि ते त्यांना अजून पचलं नव्हतं.

"सर, सगळ्यात लांब नाव कुठल्या पदवीचं?"

"दोन विषय घेतले की नाव लांबतं. चार वर्षांची बीएस्सी ऑनर्स विथ रिसर्च, मेजर हॉस्पिटॅलिटी, मायनर भौतिकशास्त्र."

"झकास! हीच द्या."

"पप्पा, अहो मला हॉटेल नाही चालवायचं!"

"अगं, फिजिक्स आहे ना त्यात! शेवटी आहे, पण आहे."

स्वरदाला रडूच आलं. प्रवेश मात्र झाला. पहिल्या सत्रात तिला साबुदाणा भिजवण्यावर संशोधन मिळालं.

गणपतीत बॅनर लागला. पदवीने तीन ओळी घेतल्या, फक्त शेवटचा शब्द मावला नाही. बॅनर बघायला स्वरदा राणेकाकूंबरोबर लिफ्टमध्ये शिरली. लिफ्ट खाली सुटली, आणि नेहमीसारखा गोळा आला.

"काकू, हे असं का होतं हो?"

"ते जाऊ दे गं. तुझ्या कोर्सला स्कोप काय?"

काकूंना हसू नका. तो गोळा का येतो, हे तुम्हाला तरी अजून कुठे कळलंय? तुम्हीही मघापासून, यातली कुठली पदवी आपल्या पोराला बरी, एवढंच तर बघत होतात.