केवळाबाईची हलती संमती

आमच्या बोळकेवाडीत एखादी बाई 'हाव' म्हणाली की 'न्हाई', हे ठरवण्याचा अधिकार पूर्वी त्या बाईकडेच असे. त्यामुळे कारभार फार रेंगाळायचा. बाईला विचारायचं, ती पदर सावरणार, चुलीवरची भाजी उतरवून येते म्हणणार, मग आतून उत्तर येणार. तेवढ्यात आलेला निधी परत जायचा. ही अडचण आता कायमची दूर झाली आहे. कशी झाली, ते जसं घडलं तसं नमूद करतो. पदरचं काही घातलेलं नाही. घालायला साहेबलोकांनी जागाच ठेवली नाही.

एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता ग्रामसभा भरली होती. विषय, गावाचं सुशोभीकरण. ग्रामसेवक वीरभद्र आप्पा, मूळचे देवणीकडचे. सरकारने हल्ली त्यांच्या पदाचं नाव बदलून मोठं केलं आहे, खुर्ची मात्र तीच, एका पायाखाली वीट असलेली. सभेचं चित्रीकरण करायचं असा नियम असल्यामुळे आप्पांनी मोबाईल टेबलावर उभा केला आणि वाचन सुरू केलं. सभागृहात पंखा एकच. त्याच्या बरोबर खाली चौऱ्याहत्तर वर्षांची केवळाबाई बसली होती. ती सभेला नियमित येई. तिच्या घरचा पंखा बंद होता.

आप्पा चौथ्या पानावर पोचले तेव्हा केवळाबाईची मान हळूच खाली गेली. हनुवटी छातीला टेकली, मान दचकून वर आली, पुन्हा खाली गेली. याला आपल्याकडे डुलकी म्हणतात. त्या दिवशी सभागृहात अशा माना बऱ्याच होत्या, माझीही होती. पण मोबाईलच्या समोर केवळाबाईच होती.

चित्रीकरण पंचायतीच्या पेजवर चढलं. ते पूर्ण एकानेच पाहिलं, रामकिशनने. त्याचं स्टँडवर ऑनलाईन सेंटर आहे. पाटीवर लिहिलंय, 'सातबारा, आधार, सर्व फॉर्म भरून मिळतील. हलते फोटो उतरवून, बदलून व बारीक करून मिळतील.' दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्याने ते दोन सेकंद कापले, फुकटच्या साईटवर नेऊन त्याचं हलतं चित्र केलं आणि खाली लिहिलं, 'हाव बाबा हाव'. साईट फुकटची असल्याने तिचं नाव बाईच्या कपाळावर आडवं उमटलं. पाहणाऱ्यांना वाटलं, गोंदण असेल.

चित्र गावच्या ग्रुपवर पडलं आणि तिथून सुटलं. आठ दिवसांत नायगाव, पंधरा दिवसांत नांदेड, महिन्यात लातूर. ज्याला ज्याला 'हो' म्हणायचा कंटाळा होता, त्या सगळ्यांची सोय झाली. 'जेवायला येताय ना?' केवळाबाई. 'पोरगी पसंत हाय का?' केवळाबाई, आणि साखरपुडा उरकला. लातूरच्या एका शिकवणीत सरांनी ग्रुपवर विचारलं, 'सर्वांना धडा समजला का?' तर आठशे केवळाबाई एकदम मान हलवू लागल्या. सरांनी पुढचा धडा घेतला. त्या आठशेंपैकी कितीजण पुढे डॉक्टर होतील ते सांगता येत नाही, पण तब्येत सांभाळा.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर होकार मोकळा फिरतोय म्हटल्यावर शासनाचं लक्ष जाणारच. नांदेडच्या जिल्हा दर्शनी सुशोभीकरण कक्षाने परिपत्रक काढलं. त्यात म्हटलं होतं: 'अंगठा हा स्थिर असतो. स्थिर वस्तूतून इच्छा सिद्ध होत नाही. सबब यापुढे नागरिकांची संमती हलती असावी. खालून वर अथवा वरून खाली हालचाल म्हणजे होकार, डावीकडून उजवीकडे म्हणजे नकार समजण्यात यावा.'

परिपत्रक हाती पडताच आप्पांनी गावच्या ग्रुपवर टाकलं, 'केवळाबाईंच्या दारातील चिंच काढून त्या जागी सेल्फी पॉइंट करणेबाबत आपले मत कळवावे.' सकाळची वेळ होती. लोक रानात, स्टँडवर, आंघोळीला. आप्पांचा मेसेज म्हणजे नळाचं पाणी, नाहीतर लसीकरण. कुणी वाचला नाही. पण साहेबाला उत्तर दिलेलं बरं, म्हणून ज्याने त्याने हाताला लागलेली केवळाबाई टाकली. एकशे बारा झाल्या. आप्पांनी रजिस्टरला नोंद केली: 'दस्तुरखुद्द जागामालकिणीची संमती, एकशे बारा प्रतींत.'

त्या चिंचेबद्दल सांगायला हवं. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा केवळाबाईच्या पोटात चिंचेशिवाय काही ठरत नव्हतं. दारात बसून खायची आणि चिंचोके तिथेच थुंकायची. त्या पावसाळ्यात एक उगवला, दिवाळीला मुलगा झाला. मुलगा पुढे पुण्याला कंपनीत गेला, चिंच राहिली. दोघांत चिंचच जास्त हाताशी असते, असं केवळाबाई म्हणे. मुलाची लेक लुंबिनी नांदेडला कॉलेजात शिकते. शनिवारी येते, चिंचेखाली खाट टाकते आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून मोबाईल बघते. त्या सावलीचा एवढाच हिशोब.

एका मंगळवारी त्या खोडावर पांढरा चौकोन आणि आत लाल आकडा उमटला. केवळाबाई तशीच पंचायतीत गेली. मी मागोमाग गेलो, कारण असल्या गोष्टी समक्ष पाहिलेल्या बऱ्या.

"आप्पा, माझ्या झाडाला कुणी रंगवलं?"

"बसा माय. तुम्हीच तर हाव म्हणलात." आप्पांनी मोबाईल पुढे धरला.

केवळाबाईने स्वतःला पाहिलं. "अरे, ही तर झोपलीय!"

"झोपेत का असंना, मान तुमचीच हाय न्हवं?"

"झोपलेल्या माणसाला कोण इचारतं रे?"

"तसा वेगळा रकाना न्हाई ना, माय. मान हलली का, एवढंच हाय."

"बरं, मग आता जागी हाय. आता न्हाई म्हणते. न्हाई, न्हाई, न्हाई. लिही."

आप्पांना वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता. "तोंडी चालत न्हाई वो. परिपत्रक बघा. हलतं पाहिजे."

म्हणून शनिवारी लुंबिनी आजीला घेऊन रामकिशनच्या सेंटरला गेली. रामकिशन ओशाळला होता. "आज्जे, माझ्याकून चुकी झाली. हे फुकटात करून देतो," म्हणाला. केवळाबाईने मान डावी-उजवीकडे अशी हलवली की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. चित्र झकास उतरलं. पण ते तीन एमबीचं, आणि पोर्टल घेतं दोनशे केबी.

"बारीक करतो," रामकिशन म्हणाला आणि केलं. केवळाबाईची मान डावीकडे गेली आणि तिथेच राहिली.

"ही तर शेजारणीकडं बघून राहिली," लुंबिनी म्हणाली. "न्हाई कुठं म्हणते?"

"अजून एक रस्ता हाय. पीडीएफला मर्यादा दोन एमबीची हाय. पीडीएफ करू."

हलत्या चित्राची पीडीएफ झाली. सोळा पानं निघाली आणि प्रत्येक पानावर एक केवळाबाई, एकही हलत नव्हती. ती पानं घेऊन आजी-नात सोमवारी नांदेडला कक्षात गेल्या. तिथे रेणुका मॅडम होत्या. त्यांनी पानं चाळली.

"ह्यात नकार कुठं आहे?"

"मॅडम, भराभर चाळा ना," लुंबिनी म्हणाली. "मान हलताना दिसती."

"भराभर काम करायची पद्धत नाही इथं. आणि कपाळावर हा कुणाचा शिक्का?"

"फुकटवाल्या साईटचा."

"म्हणजे बिगरशासकीय. ठीक आहे, शेरा मारते. स्कॅन करून टाकू, वर पाठवू."

सरकारी कागद स्कॅन होताना आडवा होतो, हे तुम्हाला माहीत असेलच. तुमचा दाखला बघताना तुम्हीही मान वाकडी केली असेल. सोळा केवळाबाई आडव्या झाल्या. वरच्या साहेबांच्या संगणकावर त्या एकामागून एक सरकल्या तेव्हा डावी-उजवीकडची हालचाल खाली-वर दिसू लागली. आदेश आला: 'अर्जदाराचा चेहरा आडवा असला तरी हालचाल उभी आहे. परिपत्रकानुसार हालचाल पाहावयाची असून चेहरा नव्हे. सबब संमतीची एकशे तेरावी प्रत दाखल करून घेण्यात येत आहे.'

लुंबिनी हुशार पोरगी. तिने आदेश दोनदा वाचला. "आज्जे, आता आपण हाव म्हणायचं."

"कामून? येड लागलं का तुला?"

"तू खाली-वर मान हलव. ते आडवं स्कॅन करणार. आडव्याचं न्हाई होणार."

केवळाबाईला हे पटलं नाही, पण नातीचा शब्द मोडवेना. दात-ओठ खात तिने मान खाली-वर केली. चित्र निघालं, सोळा पानं झाली, नांदेडला पोचली. त्याच आठवड्यात कक्षाचं स्कॅनर दुरुस्त झालं होतं. पानं सरळ चढली. नोंद झाली: 'प्रत एकशे चौदा. अर्जदाराने स्वेच्छेने व आवेशाने होकार दिला आहे.'

मग लुंबिनीने रेणुका मॅडमच्या टेबलासमोरून हलणार नाही असं सांगितलं. मॅडमनी तिला पाणी दिलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघ बाळा, कागदानं काही होणार नाही. आमच्याकडं लोकभावना म्हणून एक गोष्ट असते. तुमच्या ग्रुपवर एकशे चौदाच्या वर लोकांनी तुझी बाजू घेतली ना, तर साहेबांना थांबावंच लागंल. हरकतीला सात दिवस आहेत."

लुंबिनीने बसमध्ये बसूनच मेसेज लिहिला. 'माझ्या आज्जीनं होकार दिलेला नाही. ती झोपली होती. ती चिंच तिच्या पोटच्या पोरासारखी वाढलीय. तुम्ही सगळे त्या सावलीत बसलेले आहात. झाड तोडू नये असं तुम्हाला पटत असेल, तर खाली फक्त नको एवढं लिहा.'

या वेळी गावाने मेसेज वाचला. शेवटपर्यंत नसेल, पण वाचला. बायाबापड्या हळहळल्या. पुण्याहून मुलाने फोन केला. शेजारच्या चार गावांतले लोक ग्रुपमध्ये घुसले. सगळ्यांचं एकमत झालं की पोरीचं अगदी खरं आहे, शंभर टक्के खरं आहे. आणि खरं आहे, हे सांगायला आमच्याकडे आता एकच पद्धत उरली होती.

रात्री आठपर्यंत तीनशे चाळीस केवळाबाई मान हलवत होत्या. हाव बाबा हाव. हाव बाबा हाव. त्यातली एक मी टाकलेली. बोट सवयीने गेलं. लगेच पुसायला गेलो, तर बोट चुकून पुन्हा लागलं आणि दुसरी गेली.

सातव्या दिवशी आदेश आला. 'लोकभावना अत्यंत तीव्र असल्याने काम तातडीने हाती घ्यावे.'

चिंच पाडायला दोन तास लागले. केवळाबाई समोर खाट टाकून बसली होती. आप्पा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "माय, राग धरू नका. माझ्या हातात काय हाय?" तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण मान तसूभर हलवली नाही. तेव्हापासून ती हलवतच नाही. चहा पाहिजे का विचारलं तर तोंडाने सांगते. झोपताना मानेला दोन्ही बाजूंनी उशा लावते. ग्रामसभेला येत नाही. लुंबिनी शनिवारी येते, तेव्हा तिच्या केसांतून फक्त हात फिरवते.

सेल्फी पॉइंट मात्र देखणा झाला. लाल बदाम, गावाचं इंग्रजी नाव आणि मधोमध दिव्यांची केवळाबाई, रात्रंदिवस मान हलवणारी. कपाळावरचं साईटचं नावही दिव्यांत काढलंय. लांबून लोक येतात, उन्हात उभे राहून फोटो काढतात आणि घाम पुसत विचारतात, "इथं सावली कुठं हाय वो?" मग केवळाबाईच्या ओसरीवर टेकतात. ती पाणी देते.

बजेट संपलेलं नाही. चौकातल्या कडुलिंबाचा प्रस्ताव परवाच ग्रुपवर आलाय, आणि या खेपेला बाहेरगावच्या वाचकांचंही मत धरणार आहेत. तेव्हा एक विनंती. ही गोष्ट तुम्हाला पटली असेल, मधूनमधून तुमची मान हलली असेल, आणि आत्ता ती चार माणसांना पाठवायला बोट मोबाईलवर गेलं असेल, तर कृपा करून काही पाठवू नका. चिंचेला एकशे बारा पुरल्या होत्या. लिंबाला सध्या एकशे अकरा झाल्यात.